तिसऱ्या नंबरापर्यंत

—नाही, बसत नाही, उभाच बरा आहे मी. आणि तो फोन ठेवा आधी खाली, डॉक्टर मॅडम, दंगा करायला आलेलो नाही — आवाजच असा आहे माझा, बूट बनवतो, दिवसभर ठोकाठोकी, हळू बोललो तर माझं मलाच ऐकू येत नाही. ही पिशवी बघा. ओळखलंत? तुमच्याकडचीच वस्तू. पाच प्लास्टिकच्या कांड्या होत्या, गुळगुळीत, बोटांसारख्या, करंगळीएवढीपासून चढत गेलेल्या, प्रत्येकीवर नंबर. आता तुकडे आहेत. मीच केले, ऐरणीवर ठेवून, हातोडीने, एकेक करून. मला असाच दुसरा संच हवाय. द्या, मी चाललो.

का फोडला? आता तुम्हीच सांगा, चार वर्षं बायको अंगाला हात लावू देत नाही, आणि कपाटात, चादरींच्या घडीत, हे सापडतं — काय समजायचं माणसाने? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. लग्न झाल्यापासून एकच रड, जवळ गेलं की हिचं अंग लाकूड. आग होते म्हणायची, सुरी फिरवल्यासारखं होतं म्हणायची. सुरी — मला सांगते, मी रोज चामडं कापतो. नेली की डॉक्टरकडे, नेली नाही असं नाही. एक म्हणाला, सगळं ठीक दिसतंय, मनाचे खेळ आहेत. दुसरी म्हणाली, एक मूल झालं की जाईल. आता मूल काय टपालाने येणार? आमची आई म्हणाली, नखरे आहेत, सुरुवातीला सगळ्याच रडतात. मग मी काय धरून चालायचं? मी धरून चाललो, हिला माझी किळस येते. चामड्याचा वास, सोल्यूशनचा वास. नखांखाली ब्रश घालून घासायचो हो मी, रक्त येईपर्यंत. तरी तेच. मग माणूस चिडणार नाही?

हात उगारला, हो. एकदा. दोनदा — मोजत नाही बसलो. आणि ते दुसरं पण. ती नको म्हणायची, तरी. नवरा आहे ना मी? उशी दातात धरायची, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून — तिची तीच धरायची, मी नव्हतं सांगितलं. मग जाऊन बसायची बाथरूममध्ये, तास तास, आतून कडी घालून. एक दिवस मी ती कडीच उखडली. आखूड स्क्रू होते, एका हिसक्यात हातात आली. असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय. नाही विचारलंत? बरं, नाही विचारलंत.

तर त्या दिवशी मनगट धरून तिला खाली दुकानात नेली, ऐरणीसमोर उभी केली. कुणी दिलं हे? तर म्हणते, औषध आहे. औषध म्हणे. एक नंबर फोडला. खरं सांग — औषध आहे. दुसरा फोडला. तिसरा उचलला तेव्हा माझा हात धरायला आली, तो एवढा ठेवा म्हणाली, बाकीचे फोडा. त्याचीच जास्त चीड आली मला, हाच का, ह्याच्यात काय आहे एवढं. तो सगळ्यात बारीक केला. मग कानाखाली दिली. पडली, उठली, चपला घातल्या आणि गेली थोरल्या बहिणीकडे. ओठ फुटला होता, पुसलासुद्धा नाही.

दोन दिवसांनी त्या संचाची रिकामी डबी फेकायला गेलो तर तळाशी कागद. तुमचंच अक्षर ना हे? कापसाच्या बोळ्याने तपासलं, दोन जागी कापूस टेकला तरी आग. नसा तिथल्या विनाकारण पेटलेल्या, आणि दुखेल या धास्तीने आजूबाजूचे स्नायू आवळलेले. मनाचे खेळ नाहीत, असं खाली रेघ मारून लिहिलंय तुम्ही. मलम, श्वास, स्नायू सैल सोडायची सवय, मग सगळ्यात लहान नंबर आत घालायचा. घाई नाही. दुखलं की थांबायचं. एक नंबर दुखायचा थांबला की मगच पुढचा. आणि हे वाचतोय तेव्हा माझ्या मांडीवर कोण, तर एका गिऱ्हाइकाचा घट्ट बूट. मॅडम, घट्ट बूट सैल कसा करतात माहितीये? ओला करायचा, आत लाकडी साचा घालायचा, आज इतकाच, उद्या जरासा जास्त. जोर केला की शिवण गेली. वीस वर्षं हेच सांगतो मी लोकांना, आठवडा लागेल, घाई करू नका. चामड्याला आठवडा देतो मी. मेलेल्या चामड्याला.

तुमच्या अक्षराखाली तिचं, पेन्सिलीने, तारखा घालून. पहिला नंबर, तीन आठवडे. दुसरा, सात. मग तिसरा, आणि पुढे लिहिलंय — आज दुखलं नाही, खूप रडले. दुखलं नाही तर रडायचं कशाला, मी दहादा वाचलं. त्याच्यापुढे काही नाही. दुसऱ्याच दिवशी मी कपाट उघडलं होतं.

म्हणून म्हणतो, संच द्या. मेहुणी दार उघडत नाही, पण मी उंबऱ्यावर ठेवून येईन. काय? मला नाही देता येत? तिलाच देणार? म्हणजे येते ती इथे अजून? सांगता येत नाही म्हणजे काय, बायको आहे ती माझी, काय लावलंय तुम्ही — थांबा. ही चप्पल. तुमच्या त्या आतल्या दाराशी, तपकिरी. डाव्या पायाची पट्टी रुंद आहे बघा, तिची करंगळी दुमडलेली आहे, लागू नये म्हणून मी शिवलीय ती, दोनदा उसवून शिवलीय. आत आहे ती. केव्हापासून? मी आलो तेव्हापासून? सगळं ऐकलं? बाजूला व्हा. मॅडम, बाजूला व्हा म्हणतो, मारत नाहीये कुणाला, एक शब्द बोलायचाय फक्त — ए, ऐक, अगं मी आता तसं काही —

कडी घातली तिने. ऐकलंत? आतून.

नाही, हात नाही लावत मी दाराला. हे बघा, मागे झालो. पिशवी राहू दे इथेच. त्या कडीचे स्क्रू लांब आहेत ना? बघून घ्या एकदा, आमच्याकडचे आखूड होते. उचला, उचला तुम्ही तो फोन.