डोणीतली बाळंतीण

लोकांची झाडं पाण्यावाचून मरतात, माझ्या झाडांच्या जिवावर पाणीच उठलं होतं. वांगणीहून सासूबाई राहायला आल्या होत्या. बदलापूरच्या आमच्या गच्चीवर जी दगडी डोणी आहे, ती त्यांच्याच गोठ्यातली, गुरांना पाणी पाजायची. तिच्यात खडी भरून मी लिथॉप्स नावाची झाडं लावलीत. दिसायला हुबेहूब गारगोट्या, मिळायला दुर्मीळ, आणि पाणी जास्त झालं की कुजतात. त्यातलं सगळ्यात जपलेलं झाड मधोमध फाटून नवी पानं काढत होतं. या काळात त्याला थेंबही चालत नाही.

आणि सासूबाई तांब्या घेऊन उभ्या.

"आई, नका घालू."

"जावईबापू, या डोणीनं आजवर कुणाला तहानलेलं ठेवलं नाही."

शेवटी मी म्हणालो, "अहो, ती बाळंतीण आहे. जुनी पानंच नव्यांना पाजतात. गार पाणी बाधेल तिला."

तांब्या खाली आला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर डोणीभोवती जुनी चादर बांधलेली, वारा लागू नये म्हणून. मलाही त्या जवळ फिरकू देईनात.

मग एका सकाळी त्यांनीच विचारलं, "काय झालं हो?"

मी वाकून पाहिलं. फटीतून पानांच्या दोन जोड्या वर आल्या होत्या. "जुळं," मी कौतुकानं म्हणालो.

सासूबाईंनी तांब्या उचलला. "मग आता तुमचं ऐकायची नाही. जुळ्यांना आईचं पुरत नाही, वरचं पाजावंच लागतं."