विमानात रडू द्यायचं नव्हतं

सन्माननीय अध्यक्ष विजयसिंह आण्णा, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या डॉक्टर संयोगिता मॅडम, तालमीचे प्रमुख सयाजीदादा, तालमीचे सगळे कार्यकर्ते, शिवाजी पेठेतल्या माता-भगिनींनो, आणि तिसऱ्या रांगेत बसलेली, मी बोलायला उभी राहिले की माझ्याआधी जिच्या घशाला कोरड पडते ती माझी आई अंबूबाई.

सुरुवातीलाच एक प्रश्न तुमच्यासमोर ठेवते. तो माझा नाही. मागच्या आठवड्यात शिरोलीतल्या एका भाड्याच्या खोलीच्या दारात उभी असताना मला तो विचारला गेला. "ताई, त्या दिवशी ते वाजीवलं नसतं, तर माझं पोरगं ऱ्हायलं असतं काय?"

मला उत्तर माहीत नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. घरात कुणाचं काही अडलं की 'सुकन्याला इचारा, ती शिकल्याली हाय' असं म्हणायची पद्धत आहे. त्या दारात माझं सगळं शिक्षण संपलं. संयोगिता मॅडमना मी हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही, सुकन्या. कुणालाच सांगता येणार नाही."

प्रश्न विचारणाऱ्या बाईंचं नाव दानेश्वरी. आदर्शची आई. आदर्शला तुम्ही सगळे ओळखता. माझ्यामागच्या फलकावर उजव्या बाजूला त्याचा फोटो आहे. डाव्या बाजूला यशराजचा. आजचा कार्यक्रम दुहेरी आहे. जयसिंगपूरच्या यशराजला ऑपरेशनसाठी बेंगळुरूला निरोप द्यायचा, आणि आदर्शला विमानातून नेताना मी एकदाही रडू दिलं नाही म्हणून माझा सत्कार करायचा. फलकावर तसं छापलंय. छापणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण जे मूल आज नाही, त्याला रडू दिलं नाही म्हणून शाल घ्यायची, हे मला जमत नव्हतं. म्हणून आण्णांना विनंती केली की शाल नंतर, आधी मला बोलू द्या. आण्णा म्हणाले, "बोल की, पण थोडक्यात." ते थोडक्यात होणार नाही असं दिसतंय.

ज्यांना सगळं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपली संस्था हृदयाचा आजार असलेल्या लहान मुलांना मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचवते. मी तिथं काम करते. आदर्शच्या हृदयाला जन्मापासून दोष होता. अशी मुलं जोरात रडली की त्यांच्या अंगातलं रक्त पुरेसा प्राणवायू घेत नाही. ओठ निळे पडतात, नखं निळी पडतात, मूल गळून जातं. तेव्हा त्याचे गुडघे छातीशी दाबून धरायचे, हे मॅडमनी मला आणि दानेश्वरीला बाहुलीवर करून दाखवलं होतं. रस्त्याने बेंगळुरू म्हणजे अख्खा दिवस, त्यात ऊन, हादरे, हॉर्न. म्हणून मॅडम म्हणाल्या, विमानाने न्या. एकच अट. रडू द्यायचं नाही.

विमानाची तिकिटं कुणी काढली? या तालमीनं. आदर्शचे वडील मल्लेश शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरतात. ना ते पेठेतले, ना तुमच्या भावकीतले. सयाजीदादांनी फक्त फोटो बघितला आणि म्हणाले, "पावणं, पोरगं आता आमचं." हे मी विसरलेले नाही. पुढचं जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्हीही हे विसरू नका.

निघायच्या सकाळी आपल्या चौकात काय झालं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. हलगी, घुमकं, कैताळ, सगळी वाद्यं. फटाक्यांची माळ. आदर्शच्या डोक्यावर मावेल एवढा छोटा फेटा. मी सयाजीदादांना म्हटलं, "दादा, वाजवू नका, तो घाबरेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आवं ताई, कोल्हापुरातनं निघालंय पोरगं. असं चोरासारखं न्यायचं व्हय?"

दादा, तुम्ही मान खाली घालू नका. मी तुम्हाला बोल लावायला उभी नाही. आपल्या गावाला प्रेम हळू आवाजात करता येत नाही, एवढंच त्यातून मला समजलं. मैदान मारून पोरं आली तरी वाजवायचं, कुणाची वरात निघाली तरी वाजवायचं, मग आजारी मूल निघालं तर का नाही वाजवायचं? ज्यांनी वाजवलं, त्यांच्या हातून माया सोडून दुसरं काही झालं नाही.

माळ पेटली आणि आदर्श रडला. कुणीतरी म्हणालं, "रडू दे, आवाज बघ की, पैलवान हुनार." दुसरं कुणी म्हणालं, "थंडी वाजलीया, ओठ बघा." मी त्याला उचलून गाडीत घातलं आणि दानेश्वरीनं गुडघे दाबून धरले. तो निळा पडला होता. बाहेर वाजतच होतं, कारण बाहेरच्यांना आतलं दिसत नव्हतं. काही वेळानं त्याचा रंग परत आला. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "रंग आला असेल तर निघा, ऑपरेशनचा दिवस पुन्हा मिळणार नाही. पण आता दुसऱ्यांदा व्हायला नको."

विमानतळावर जाताना माझ्या डोक्यात एवढं एकच वाक्य होतं. आता दुसऱ्यांदा व्हायला नको.

मीही त्याआधी विमानात बसले नव्हते. दोन वर्षांच्या मुलाला तिथं रमवायचं कसं, याची मी तयारी केली होती. झाकणाचा स्टीलचा डबा, थोडे चुरमुरे, रंगीत रिबन, एक चमचा. चमचा तपासणीच्या बाईंनी उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला. माझ्या आईचं म्हणणं होतं, "विमानातच बसवल्यावर त्याला आणि काय खेळणं लागतंय? खिडकीतनं ढग बघंल की." आई, त्यानं ढगांकडे एकदाही बघितलं नाही. दोन वर्षांच्या मुलाला विमान म्हणजे काय? एक गाडी, जी सुटत नाही. तो आईला कानडीत विचारत राहिला, आणि ती मला सांगत राहिली, "गाडी कवा सुटनार, म्हंतोय." आम्ही तेव्हा आभाळात होतो.

विमान वर चढताना मुलांचे कान दुखतात आणि ती रडतात, म्हणून मॅडमनी सांगितल्याप्रमाणे चमच्या-चमच्यानं पाणी पाजत राहिलो. मग डबा. डब्यात एक चुरमुरा टाकायचा, झाकण लावायचं, वाजवायचं, उघडायचं, चुरमुरा तिथंच आहे हे बघून चकित व्हायचं. पहिल्यांदा तो हसला. नंतर त्याला कंटाळा आला. समोरच्या पाठीवरचं छोटं टेबल मी पाडलं आणि बंद केलं, पाडलं आणि बंद केलं. पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून म्हणाले, "मॅडम, जरा बघा की, पाठीत बसतंय." मी म्हटलं, "काका, बसू द्या. याला रडू द्यायचं नाहीये." त्यांनी आदर्शच्या नखांकडे बघितलं आणि पाठ पुढं घेऊन बसले. शेवटपर्यंत तसेच बसले. त्यांचं नाव मला माहीत नाही. या सभागृहातून त्यांचे आभार मानते.

रिबनही संपली. माझ्याकडचं सगळं संपलं, आणि विमान उतरायचं अजून बाकी होतं. आदर्शचा खालचा ओठ पुढं आला. मूल रडण्याआधी जो चेहरा करतं तो तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. एरवी त्या चेहऱ्याचं आपल्याला हसू येतं. मला तेव्हा देवाचं नावसुद्धा आठवलं नाही.

मी शेजारी बघितलं. दानेश्वरीनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. सकाळपासून आवरून धरलेलं रडू तिला तिथं आलं होतं, आणि मुलाला ते दिसू नये म्हणून ती पदराआड गेली होती. आदर्शनं ते बघितलं. त्याचा ओठ मागं गेला. त्यानं हात पुढं केला आणि पदर खाली ओढला.

त्याला वाटलं, अव्वा, म्हणजे आई, खेळतीये. बुवा, कुक!

आणि दानेश्वरी हसली. कशी हसली, ते मला सांगता येणार नाही. गाल ओले, डोळे लाल, आणि तोंडभर हसू. तो खिदळला. तिनं परत पदर ओढला. पदराआड ती रडायची, मला खांद्याला तिचा हुंदका जाणवायचा. त्यानं पदर ओढला की ती हसत बाहेर यायची. "बुवा, कुक!" परत आत, परत बाहेर. किती वेळा, ते मी मोजलं नाही. विमान खाली उतरलं, चाकं जमिनीला लागली, लोक उभे राहिले, तरी त्यांचं चालूच होतं.

आता मला सांगा, मित्रहो, त्या विमानात बाळाला कुणी रमवलं? ही शाल कुणाची? मी पदवी घेतलेली, तयारी करून गेलेली. पण शेवटी तिथं जे कामी आलं ते एका आईचं रडणंच होतं, आणि ते तिला लपवायलासुद्धा पुरतं मिळालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण जास्त मला सांगवत नाही. ऑपरेशन झालं. आदर्श त्यानंतर डोळे उघडून एकदा आईकडे बघू शकला. मग तो गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं. कधीपासून थकलेलं? जन्मापासून, की त्या सकाळपासून? तिथंही मी विचारलं. तिथंही तेच ऐकलं, की सांगता येत नाही. बातमी कळल्यावर सयाजीदादा तालमीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले, हे या पेठेनं पाहिलंय. तो फेटा दानेश्वरीनं मला परत दिला. म्हणाली, "दादाला दे. त्येंनी लई हौसंनं आनलाता."

मागच्या आठवड्यात मी तिला आजचं निमंत्रण द्यायला गेले. तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला. मग ती आणखी एक बोलली, आणि आज मी इथं जे सांगते आहे त्याचं खरं कारण ते आहे. "त्या दुसऱ्या पोरालापण वाजवत न्हेनार काय?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माहीत होतं. उद्या सकाळी यशराज निघणार, त्याआधी आज संध्याकाळी त्याला या व्यासपीठावर आणायचं, मग चौकापर्यंत मिरवणूक काढायची, असं ठरलंय. बाहेर हलगी शेकायला जाळ केलाय, त्याचा धूर आत येतोय. आण्णांच्या समोरच्या टेबलावर छोटा फेटा ठेवलाय. हा नवा आहे, सयाजीदादांनी परवाच बांधून घेतला. यशराजलाही तेच दुखणं आहे. त्यालाही तेच लागू आहे, रडू द्यायचं नाही.

मी दादांना पुन्हा सांगून बघितलं, हे त्यांना आठवत असेल. ते म्हणाले, "ताई, येळ वंगाळ हुती म्हनून आसं झालं. आता दणक्यात पाठवू, म्हंजे इडा-पिडा जाईल." त्यांचं दुःखच तसं होतं, की दुप्पट वाजवल्याशिवाय ते फिटणार नव्हतं. त्यांच्याशी मी वाद घालायला हवा होता, की आण्णांकडे तक्रार करायला हवी होती, की बैठक बोलवायला हवी होती? समाजकार्याच्या पुस्तकात यांपैकी कुठलंही उत्तर चाललं असतं. पण मला त्या दिवशीचा तो ओठ दिसत होता.

बराच वेळ झाला, तुम्ही सारखे दाराकडे बघताय. मुलगा अजून आला कसा नाही, असं तुम्हाला वाटतंय. मीही मघापासून तेच सांगायचं लांबवते आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

तेव्हा आभार मानते. आण्णांचे, त्यांनी थोडक्यात बोल म्हणूनही मला थांबवलं नाही. मॅडमचे, त्यांनी 'सांगता येत नाही' हे खरं ते सांगितलं. तालमीचे, ज्यांनी परक्याचं मूल आपलं मानलं आणि आताही मानलंय. शाल मी घेणार नाही. ती शिरोलीला न्यावी, दादांनी स्वतः न्यावी, आणि तिथं काही बोलू नये, नुसतं बसावं. फेटा तेवढा जपून ठेवा. यशराज परत आला तर बांधू. येईलच असं मी म्हणत नाही, तेवढं म्हणायचं धाडस आता माझ्यात उरलेलं नाही. पण आला, तर मग वाजवा. तेव्हा मी अडवणार नाही.

बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, वयापेक्षा मोठं तोंड झालं असेल, तर लहान समजून पोटात घाला. एका गोष्टीची मात्र मी क्षमा मागत नाही, कारण ती चुकून झालेली नाही.

दादा, हलगीवाल्यांना जाळ विझवायला सांगा. यशराजची आई क्रांतीवहिनी, त्याची आजी आक्का आणि यशराज आज सकाळच्याच विमानानं गेले. तिकिटं मी बदलून घेतली आणि विमानतळावर मीच सोडायला गेले होते. तिथून परत येऊन दुपारी मी तुमच्यासोबत इथं खुर्च्या मांडत होते, म्हणून कुणाला शंका आली नाही. आक्का आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसल्या. उतरल्यावर त्यांचा फोन आला, "न्हाय रडला बाई. माझ्या पदरासंगं खेळला आन् झोपला."

चोरासारखं नेलं, दादा.