फोटोतली डावी बाजू

चीनच्या शीआन शहरातलं चौथं ठिकाण उरकून लाल टोप्यांची टोळी बसमध्ये परतली. गाईड मियाओ डोकी मोजत असताना मागच्या सीटवरून गेंग आजी-आजोबांचं बोलणं तिच्या कानावर पडलं. गुडघ्यापायी आजी सकाळपासून बसमधून उतरल्याच नव्हत्या.

"दाखवा बघू फोटो. अहो, हे काय? मनोरा एवढा मोठा आणि तुम्ही अंग चोरून कडेला!"

"पुढचा बघ."

"इथेही कडेलाच. घंटाघरापाशीही तेच. डावीकडे नुसती फरशी! कुणाला काढायला सांगितलेत?"

"काढणाऱ्याची चूक नाही गं. मीच जागा सोडली."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. नात म्हणाली, मोबाइलवर आजीला चिकटवून देते."

"माझा कुठला फोटो?"

"तो नूडल लाटतानाचा. हाताला पीठ लागलेला."

"अगं बाई! ॲप्रन घालून मनोऱ्यापुढे?"

"छान दिसतेस त्यात."

"पुरे. आता कुठे जायचंय?"

"नगरकोटावर. पायऱ्या फार आहेत. तू बस, गरम पाणी पी."

"चढतंय कोण? खाली वेशीपाशी उभी राहीन. माझी टोपी द्या इकडे. आणि हो, एवढी जागा सोडू नका. मी काय म्हैस आहे? जवळ उभे राहा."