किटलीची शिट्टी होईपर्यंत

नरेल दर मंगळवारी ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाच्या रेडिओवरून वयस्कर माणसांना व्यायाम आणि तब्येतीच्या गोष्टी सांगे. तिचा आवाज गावाच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र नव्हता. दवाखान्यात समोरच्या दोन आजींच्या बोलण्यात तिचाच विषय निघाला, तशी ती मासिकाआडून कान देऊन बसली.

"मर्ल, त्या रेडिओवाल्या बाईचं ऐकतेस ना?"

"ऐकते म्हणजे? महिना झाला, किटलीची शिट्टी होईपर्यंत रोज एका पायावर उभी असते."

"बगळ्यासारखी?"

"हस, हस! गुरुवारी सरकारी बाई येणारेय, मी घरात एकटी राहू शकते का ते बघायला. तिच्यासमोर तोल गेला, तर लेक वृद्धाश्रमात ठेवणार. तिथे माझ्या कोंबड्या ठेवू देत नाहीत गं."

"मग? जमतोय का तोल?"

"डावा पाय खांबासारखा भक्कम झालाय. उजवा अजून लटपटतो."

"उजव्यावर किती वेळ उभी राहतेस?"

"उजव्यावर कशाला? रेडिओवरची बाई 'एका पायावर' म्हणाली."

"अगं, आणि दुसरा?"

"ते सांगायच्या आत बातम्या लागल्या. पुढच्या मंगळवारी सांगेल म्हटलं, तर ती झोपेवर बोलली."

"म्हणजे महिनाभर उजवा पाय हुकमाची वाट बघतोय!"

"न सांगता कसं करायचं? औषधासारखंच ना ते!"

नरेलने मासिक खाली ठेवलं.

"आजपासून पाय बदलत जा," ती हळूच म्हणाली. "ओट्याला धरून."

मर्लने डोळे मिटून घेतले.

"पुन्हा बोल बघू."

"पाय बदलत जा, आजी."

"तीच गं ही! काय गं बाई, बातम्यांच्या आधी सांगायला काय झालं होतं?"