व्यवसाय : शेतकाम

साळूबाई : आन् त्या परीक्षेच्या बाईनं इचारलं, वार पडंना तर काय करशील? तर काय सांगशील?

दया : थांबायचं. अर्धा तास थांबायचं. नाळ ओढायची नाही. पोटावर हात ठेवून पिशवी कडक होतेय का ते बघायचं, आणि रक्त फार गेलं तर डॉक्टरांना बोलवायचं.

साळूबाई : डाक्टर न्हाई.

दया : असतो.

साळूबाई : डाक्टर पारनेरला हाय. पारनेर धा मैल, आन् बैल दुसऱ्याच्या मळ्यात.

दया : आई, परीक्षेत असं विचारत नाहीत. परीक्षेत डॉक्टर असतो.

साळूबाई : लई भाग्याची परीक्षा हाय मग. बरं, म्होरं सांग. डाक्टर न्हाई.

दया : भाकरी करपतेय तुझी.

साळूबाई : करपंना. मला वासानं कळतं. सांग.

दया : मग बाळाला अंगावर लावायचं. बाळ ओढायला लागलं की पिशवी आकसते, आणि वार सुटते.

साळूबाई : हे बुकात हाय?

दया : आहे.

साळूबाई : मी सांगितलेलं न्हाई? बुकातच हाय?

दया : बुकातच आहे. दाखवू पान?

साळूबाई : नगं. मला काय कळतंय पानातलं. पर बरं वाटलं. कुनीतरी लिवून ठिवलं म्हनायचं.

दया : तू मला पुढचं विचार. साडेतीन वर्षांचा अभ्यास आहे. नर्सिंगचे पेपर झाले, आता हीच एक परीक्षा राहिली. प्रात्यक्षिक. ही झाली की दोन्हींचा एकच दाखला मिळतो, नर्सिंगचा आणि बाळंतपणाचा.

साळूबाई : आन् ती वही कसली?

दया : केसबुक. स्वतःच्या हातानं केलेली वीस बाळंतपणं यात मांडायची. माझी एकोणीस झालीत.

साळूबाई : वीसात पास करत्यात?

दया : वीसात परीक्षेला बसू देतात. तुझी किती झाली असतील गं?

साळूबाई : कोन मोजतंय. निम्मं गाव माझ्या हातातनं भुईला टेकलंय. सरपंच सुदिक. पोटात आडवा हुता. दोन तास झटून सरळ केला, पर सवय गेली न्हाई त्याची. आजून आडवाच बोलतो.

दया : आणि अजून तुला चहा ओसरीवर, वेगळ्या कपात.

साळूबाई : त्याच्या घरात माझ्या हाताला बाट न्हाई, कपाला हाय. जाऊ दे. चहा ग्वाड असतो.

दया : परवा राहीबाईच्या वेळी पातं उकळलंस का?

साळूबाई : उकळलं की. तू सांगितल्यापास्नं एकदा चुकले न्हाई. दोन भाकरी हुईस्तवर उकळलं.

दया : आणि मग?

साळूबाई : मग चिमट्यानं काढलं, पदराला पुसलं आन् नाळ कापली.

दया : पदराला.

साळूबाई : ओलं पातं बोटातनं निसटतं गं.

दया : आई, पदराला पुसायचं तर उकळायचं कशाला?

साळूबाई : धुतलेला हुता पदर.

दया : धुतलेला असला तरी. उकळलेल्या पात्याला नंतर कशाचाच हात लागता कामा नये. पदराचा नाही, भुईचा नाही. तसंच ओलं धरायचं.

साळूबाई : हे आदी का न्हाई सांगितलंस? निस्तं उकळ म्हनालीस.

दया : म्हणाले खरी. पुढचं सांगायचं राहिलं.

साळूबाई : बघ. तुजी बी चूक निघाली. म्हनून मला त्या वर्गाला यायचंय.

दया : कुठल्या?

साळूबाई : तुला ठावं हाय कुटल्या. ग्रामसेवक नावं लिवून घेऊन गेला समद्या सुयनींची. नगरला, तुमच्याच दवाखान्यात, येत्या गुरुवारी. कातर देत्यात, दोरा, साबन, पत्र्याची पेटी. आन् म्हनला, शिकिवनार कोन, तर ह्या शेवटच्या वर्साच्या पोरी.

दया : एक तास माझा आहे.

साळूबाई : मग? मी पुढं बसन. तू इचारलंस की हात वर करन.

दया : पुढच्या महिन्यात पारनेरलाही वर्ग आहे. मी तुझं नाव तिकडं घालू का?

साळूबाई : पारनेरला तू शिकिवनार हायेस?

दया : नाही.

साळूबाई : मग तितं काय करू?

दया : जवळ पडेल. उन्हाचं नगरपर्यंत कशाला यायचं.

साळूबाई : दये, माझं वय झालं म्हनून ऊन लागतंय, का आनि कशानं?

दया : तसं नाही.

साळूबाई : नाताळात तुमच्या हास्टेलात आल्ते बघ, फराळाचं घेऊन. तवा ती एलिझाबेथ, तुज्या शेजारच्या खाटंची, मला म्हनली, मावशी, औंदा शेतात काय काय लावलंय?

दया : तू हे सांगितलं नाहीस मला.

साळूबाई : काय सांगायचं? म्हनलं, बाजरी हाय, मटकी हाय. रान रंगनाथाचं, पर मी आपलंच म्हनून सांगितलं. येवढं बोलायला लागलंय तर पुरतं बोलावं.

दया : अर्जावर एक रकाना होता. आईचा व्यवसाय. मी शेतकाम लिहिलं.

साळूबाई : खोटं कुटं हाय? खुरपायला जातेच की.

दया : पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगितलं होतं, की कोवळी पोरं धनुर्वातानं मरतात ती खेड्यातल्या सुईणींच्या हातानं. मग कुणीतरी सुईणीची नक्कल केली. सगळ्या मुली हसल्या.

साळूबाई : आन् तू?

दया : मीही हसले.

साळूबाई : मरत्यात, बाई. माज्या हातनं दोन गेली. जबडं मिटलं ते उघडलंच न्हाई. कशानं, ते तू सांगस्तवर मला ठावं नव्हतं. त्यात हसन्यासारकं काय न्हाई, पर खोटं बी काय न्हाई.

दया : परीक्षा होऊ दे. पास झाले की सांगेन सगळ्यांना. एलिझाबेथला, ट्यूटर बाईंना, सगळ्यांना.

साळूबाई : आन् नापास झालीस तर मी शेतकरीनच का?

दया : नापास होणार नाही.

साळूबाई : ते मला ठावं हाय. तुज्या बाला बी ठावं हुतं. तू चार वर्साची हुतीस तवा म्हनायचा, ही पोरगी रक्ताला भीत न्हाई. बरं. पारनेर तर पारनेर. घाल माझं नाव.

दया : रागावलीस?

साळूबाई : मी कशाला रागवू. तू खा आता. साडेतीनची एस्टी चुकली तर सुप्यापत्तुर चालत जाशील.

दया : आणि तू कुठं निघालीस?

साळूबाई : रंगनाथाच्या मळ्यात. सून आज-उद्यात हाय त्याची. सांजच्याला बलावनं यील, त्यापरीस आताच जाऊन बसलेलं बरं.

दया : आई, पातं —

साळूबाई : पुसनार न्हाई. जा तू.

(बावीस दिवसांनी. नगर. दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड, पडदा लावलेली एक खाट. खाटेवर कर्जतकडची छबूबाई, आठवा महिना. शेजारी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक, पुष्पावती सोहनी.)

परीक्षक : मिस शिरसाठ ना? दया शिरसाठ. केसबुक पाहिलं तुमचं. विसावी नोंद या सोमवारची आहे.

दया : हो, बाई.

परीक्षक : तुमच्या ट्यूटर म्हणाल्या, तुमच्या आई गेल्या. तुम्हाला पुढच्या बैठकीला बसता आलं असतं. तशी सवलत असते.

दया : सांगितलं होतं मला. तिला चाललं नसतं ते.

परीक्षक : आजारी होत्या?

दया : नाही. एका घरी कामाला गेली होती. पहाटे काम आटोपून परत येताना बांधावर टेकली. लोकांना वाटलं, दमली म्हणून बसलीय.

परीक्षक : फार वाईट झालं. तुम्ही तयार आहात?

दया : तयार आहे.

परीक्षक : मग या बाईंना तपासा आणि मला सांगा. कागद वाचला असेलच.

दया : वाचला. पण आधी हात लावते, मग कागदाचं बघू.

छबूबाई : हिचं हात तरी ऊन हायेत. सकाळधरनं तीन पोरी येऊन गेल्या, एकेकीचं हात म्हंजी रांजनातलं पानी.

दया : चोळून घेतलेत. गुडघे वर घ्या, छबूबाई. तुमचं गाव कोणतं?

छबूबाई : कर्जतच्या अंगाला. दुष्काळी कामावर खडी फोडतो आमी दोघं.

दया : आठव्या महिन्यात खडी?

छबूबाई : मग काय करू, पोराला सांगू पाऊस पडल्यावर ये म्हनून?

परीक्षक : मिस शिरसाठ, पेशंटशी गप्पा कमी करा. आपल्याला वेळ थोडा आहे.

दया : बोलताना पोट सैल पडतं, बाई. गप्प बसवलं तर त्या श्वास धरतात, मग हाताला काहीच लागत नाही. छबूबाई, घरी अजून कोण?

छबूबाई : दोन पोरी. सासू मच्छिंद्रनाथाला नवस बोललीया. आता ह्यो पोरगाच म्हनती.

दया : लाथा कुठं मारतंय?

छबूबाई : खाली. लई खाली. लघवीला पळायला लागतंय सारखं. पयल्या दोघी फासळीखाली मारायच्या.

दया : कधीपासून?

छबूबाई : कालधरनं. काल हितं येताना गाडीनं लई आदळआपट केली, तवापास्नं.

परीक्षक : बोला. काय सापडलं?

दया : बाळ पायाळू आहे. डोकं वर आहे, डाव्या अंगाला.

परीक्षक : कागदावर डोकं खाली लिहिलंय. डॉक्टरांची सही आहे खाली.

दया : मंगळवारची आहे. मंगळवारी असेल खाली. आज नाही.

परीक्षक : एकदा विचार करा. तुमच्या आधीच्या तिघींनी डोकं खाली सांगितलंय.

दया : त्यांनी कागद आधी वाचला असेल.

परीक्षक : हे उत्तर मी मांडणार आहे, मिस शिरसाठ. प्रात्यक्षिकात बाळाची ठेवण चुकली तर पुढचं काही विचारायचं कारणच उरत नाही. परत हात लावायचा असेल तर लावा.

दया : मांडा. परत लावायची गरज नाही.

परीक्षक : कशावरून म्हणता?

दया : वर हाताला लागतंय ते कठीण आहे आणि गोल आहे. पण कठीण-गोलानं फसायला होतं. म्हणून मी ते दोन बोटांत धरून हलवलं. डोकं असलं तर ते एकटंच डुलतं, कारण खाली मान आहे. ढुंगण असलं तर त्याच्याबरोबर सगळं बाळ हलतं. इथं ते एकटंच डुलतंय. ठोके बेंबीच्या वर ऐकू येतील. तुम्ही नळी लावून बघा.

परीक्षक : सरका.

छबूबाई : बाई, काय वाईट हाय का?

दया : काही नाही. बाळानं कूस बदललीय. अजून दिवस आहेत, परत फिरेल. नाही फिरलं तरी तुम्ही इथं दवाखान्यात यायचं, घरी थांबायचं नाही. आणि खडी उद्यापासून बंद.

छबूबाई : आन् मुकादमाला कोन सांगल?

दया : चिठ्ठी देते. त्यांना म्हणावं, वाचता येत नसेल तर नगरला या, मी वाचून दाखवते.

परीक्षक : ठोके वरच आहेत.

दया : हो.

परीक्षक : डोकं वर आहे. तुमचं बरोबर आहे.

दया : कागदावर आज दुरुस्त करायला हवं. डॉक्टरांना मी सांगू का?

परीक्षक : मी सांगते. तुम्ही बसा जरा. मी वीस वर्षं परीक्षा घेतेय. दोन बोटांत डोकं डुलवून बघणाऱ्या मुली येतात, पुस्तकात आहे ते. पण एवढ्या भरवशानं सांगणाऱ्या येत नाहीत. वीस बाळंतपणांत हा हात तयार होत नाही. इथल्या कुठल्या सिस्टरनी करून घेतलं हे तुमच्याकडून?

दया : सिस्टरनी नाही. मी शेळीवर शिकले.

छबूबाई : शेरडावर? आता गं.

दया : आठ वर्षांची होते. आमची शेळी गाभण होती. मला डोळे मिटायला लावून तिच्या पोटावर हात ठेवायला सांगायची. म्हणायची, डोळ्याला लई घाई असती, हाताला बघू दे. किती दिवस मला काहीच लागलं नाही. मग एकदा लागलं.

परीक्षक : कोण सांगायचं?

दया : बाई, मघाशी मी म्हणाले, आई एका घरी कामाला गेली होती.

परीक्षक : शेतावर ना? तुमच्या कागदांत शेतकाम लिहिलंय.

दया : ते मी लिहिलंय. ती बाळंतपण करायला गेली होती. रंगनाथ म्हणून आहेत, त्यांच्या सुनेचं. मुलगी झाली. नाळेची जखम मी स्वतः जाऊन पाहून आले, सातव्या दिवशी. कोरडी होती, स्वच्छ.

परीक्षक : मिस शिरसाठ, पडद्यापलीकडे तुमच्या वर्गातल्या मुली बसल्यात. ट्यूटरही आहेत. इथलं सगळं ऐकू जातं तिकडं. मी काही लिहून घेत नाहीये, तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा.

दया : ऐकू जाऊ दे. माझी आई सुईण होती, बाई. साळूबाई सत्यवान शिरसाठ. मी तिच्या हाताखाली शिकले.