आदल्या दिवशीची फेरी

दुकानदार : ...म्हणून म्हणतो वहिनी, दवाखान्याच्या एवढ्या मैदानाला गवत कापायला ते फिनिश मोवर नकोच. ते बंगल्यापुढच्या हिरवळीचं काम. गुडघाभर गवतात घातलंत की पट्टे जळालेच म्हणून समजा.

सून : मग उरली दोन. रोटरी आणि फ्लेल.

सासरे : दोन कुठली? जुनी रोटरी मोडली, नवी रोटरी घ्यायची. त्यात एवढा खल कसला?

सून : बाबा, आलोच आहोत तर बघू तरी.

सासरे : बघ ना. बघायला कोण नको म्हणतंय?

दुकानदार : काका, तुमच्या रोटरीत पंख्यासारखी पाती गरगरतात. दगड लागला की गोळीसारखा सुटतो. फ्लेलमध्ये हा आडवा रोटर, म्हणजे फिरता दांडा, आणि त्याला ही लहान लहान पाती. सुटी लोंबतात, बघा हलवून. दगड लागला की पातं मागे दुमडतं. शिवाय वरून झाकण. दगड लांब जात नाही.

सासरे : जड आहे. आपला ट्रॅक्टर ओढायचा नाही.

सून : ओढेल. मी आधीच विचारून घेतलंय.

सासरे : आणि पाती किती ती! सगळ्यांना धार लावता लावता मी म्हातारा होईन.

सून : अजून व्हायचे आहात का?

सासरे : रंग बघ त्याचा. कावीळ झाल्यासारखा.

दुकानदार : निळ्यातपण येतं, काका.

सासरे : निळं तर मुळीच नको.

दुकानदार : बरं, सगळ्यात मोठा फायदा ऐका. वहिनी मघाशी म्हणाल्या, गवत कापायच्या आदल्या दिवशी तुम्ही बादली घेऊन मैदानभर दगड वेचता. ती कटकट संपली! आता निवांत घरी बसा.

सासरे : सूनबाई, रोटरीचं बोल आणि चल.

सून : भाऊ, जरा पाणी मिळेल प्यायला?

दुकानदार : पाणी कशाला, चहा सांगतो. आलोच.

सून : काय झालं, बाबा?

सासरे : कुठे काय? जुनं यंत्र हातात बसलेलं असतं, एवढंच.

सून : हातात बसलंय ते माझ्या. चालवते मी.

सासरे : चालव ना. माझं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून तूच चालवतेस. ट्रॅक्टर तुझा, डिझेल तू भरतेस, दवाखान्याच्या साहेबांशी तू बोलतेस. मी काही म्हटलं कधी?

सून : नाही म्हटलं.

सासरे : एक बादली ठेवली होती माझ्याकडे. तीही आता हा चहा पाजून काढून घेणार.

सून : बाबा, मागे एकदा दगड उडून वॉर्डाची काच फुटली. खिडकीशी एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर काचा होत्या, ओरखडासुद्धा नाही, नशीब. पण त्या दिवसापासून त्या भिंतीजवळ ट्रॅक्टर नेला की मी आधी थांबवते आणि खिडकीत कुणी बसलंय का ते बघून येते.

सासरे : बोलली नाहीस कधी.

सून : तुम्हाला वाटलं असतं, तुम्हाला बोल लावतेय.

सासरे : लावायचाच होता. दगड माझ्याच नजरेतून सुटला. हल्ली गवतात काही धड दिसत नाही. हे मीही बोललो नाही कुणाला.

दुकानदार : घ्या, गरम आहे. मग, ठरलं?

सून : भाऊ, याला काय चालतं ते सांगून झालं. आता काय चालत नाही ते सांगा.

दुकानदार : तसं सगळंच...

सून : विकायचंय ना?

दुकानदार : थांबा, दाखवतोच. दुरुस्तीला आलाय एक.

(दुकानदार मागच्या शेडमधून एक रोटर ओढत आणतो. त्याला तार आणि चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या आहेत.)

दुकानदार : हे बघा. दगडाचं भय कमी, पण तार, दोरी, कापड दिसलं की हा गिळतो. मग अर्धा दिवस खाली झोपून पक्कड घेऊन बसा. खोटं कशाला बोलू, हा चौथा आहे या मोसमातला.

सासरे : कपडे वाळत घालायची तार आहे ही.

दुकानदार : बरोबर ओळखलंत.

सासरे : ओळखायचंय काय त्यात? नर्सांच्या वसतिगृहामागे असल्या तारा तुटून पडलेल्याच असतात. भिंतीशी मोडक्या खाटांच्या स्प्रिंगा. आणि बँडेजच्या पट्ट्या तर वाऱ्याने कुठवर जातात, विचारू नका.

सून : म्हणजे आदल्या दिवशी कुणीतरी फिरून यायलाच हवं.

सासरे : तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस.

सून : पक्कड घेऊन खाली झोपायला लागेल ते मलाच, बाबा. तुमच्या बरं वाटण्याचं घरी गेल्यावर बघू.

सासरे : पण नजरेचं काय?

सून : तेच विचारतेय. जमेल का?

सासरे : ...दगड गवतात लपून बसतो. तार तशी बसत नाही. काठी फिरवली की अडकते. पायालाही लागते.

दुकानदार : मग फ्लेल लिहू ना, काका? पिवळं?

सासरे : पिवळंच लिही. गवतात उठून दिसेल. आणि एक जुनं पोतं असेल तर दे.

दुकानदार : पोतं? ते कशाला?

सासरे : तार बादलीत राहत नाही.

सून : परवा सकाळी कापायला घेऊ मग.

सासरे : उद्या मी फिरून येतो. मग सांगतो, परवा की नाही ते.