सात तळटीपा

सर : ...म्हणून 'मी' असं काही पक्कं नसतंच. आपण स्वतःबद्दल जे सांगत राहतो, त्यालाच 'मी' म्हणायची आपल्याला सवय लागते. पूर्णविराम. वाचा.

बाई : "म्हणून मी असं काही पक्कं नसतंच. आपण स्वतःबद्दल जे सांगत राहतो, त्यालाच मी म्हणायची आपल्याला सवय लागते."

सर : बरं झालंय का?

बाई : एकतीस वर्षं मी तुमचं उतरवून घेतेय, सर. हे कधी विचारलं नव्हतंत.

सर : तेव्हा पान दिसायचं. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं, मग तुमच्या आवाजावरून ताडावं लागतं. आणि आज तुम्ही वाचताय खरं, पण लक्ष दुसरीकडे आहे. टपालात काय आलं?

बाई : म्हटलं, प्रस्तावना आधी होऊन जाऊ दे. चार वाजता प्रकाशकांचा माणूस यायचाय, नव्या आवृत्तीची पानं न्यायला.

सर : बाई, ताकाला जाऊन भांडं लपवू नका.

बाई : ताईंचं पत्र आहे.

सर : कुठल्या ताई?

बाई : या घरात दुसऱ्या कुठल्या होत्या? तुमच्या लेकीचं पत्र आहे, सर.

सर : नक्की तिचंच? तिची आई गेली तेव्हाही ती फाटकातूनच परत फिरली होती.

बाई : अक्षर ओळखते मी. शाळेतून आली की याच टेबलाच्या त्या टोकाला बसून गृहपाठ करायची.

सर : वाचा मग.

बाई : वाचते. मायना नाहीये. थेट सुरू होतं. "माझ्या मुलीला तुमच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. अठरा वर्षांची आहे. तुमची पुस्तकं तिने माझ्याकडून नाही, ग्रंथालयातून आणून वाचली. तुमच्याकडे राहून शिकायची तिची इच्छा आहे, आणि तुम्हाला वाचून दाखवायलाही ती तयार आहे. मी तिला अडवणार नाही, पण त्याआधी एक विचारते. बावीस वर्षांपूर्वी तुमच्या मित्राच्या घरून येऊन मी तुम्हाला जे सांगितलं, ते घडलं होतं की नव्हतं? घडलं असेल तर तसं लिहा. दुसरं काहीही लिहिणार असाल तर लिहू नका, मी तिची सोय वसतिगृहात करीन. शुक्रवारपर्यंत वाट पाहते."

सर : पुढे?

बाई : पुढे काही नाही.

सर : आज काय वार?

बाई : बुधवार.

सर : घ्या लिहून. "चिरंजीव बाळ, तुझं पत्र मिळालं. तू विचारतेस ते वरवर सोपं दिसतं. परंतु घडलं किंवा नाही घडलं, हा पर्यायच मुळात एका विशिष्ट विचारपद्धतीतून येतो. ज्याला आपण घटना म्हणतो, ती सांगणाऱ्याच्या..." तुमची पेन्सिल थांबली.

बाई : टोक मोडलं.

सर : तुमच्याकडे नेहमी दोन असतात.

बाई : दोन्हींची मोडली असं समजा. सर, त्यांनी एक शब्द मागितलाय.

सर : मी आयुष्यभर तेच तर शिकवलं, की एका शब्दात मावेल असं सत्य नसतं. ती घर सोडून गेली तेव्हाही मी तिला नीट, मायेनं लिहिलं होतं. तू माझी मुलगी आहेस, मी तुझ्या बाजूला आहे, फक्त घाईने निवाडा नको, असं. तिने ते नीट वाचलंच नाही. हेच माझं दुःख आहे.

बाई : असं लिहिलं होतंत?

सर : तुम्हीच तर टाइप केलंत.

बाई : म्हणूनच विचारते. कार्बनची प्रत आहे फाइलला.

सर : घरच्या पत्राची प्रत कशाला ठेवलीत?

बाई : तुमचाच नियम. या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत राहिली पाहिजे. काढू?

(कपाट उघडल्याचा आवाज. बराच वेळ कागद चाळले जातात.)

बाई : सापडली. तीन पानं आहेत.

सर : वाचा.

बाई : "प्रिय, तुझ्या कथनातून काही महत्त्वाचे प्रश्न उपस्थित होतात. तुझ्या अनुभवाला तुझ्यापुरती वैधता आहे, एक. तशीच त्याच्या अनुभवालाही आहे. पीडित आणि अपराधी या ओळखी आपण भाषेतून घडवतो, दोन..."

सर : हे एक, दोन काय वाचताय?

बाई : तळटीपांचे आकडे आहेत, सर. खाली संदर्भ दिलेत.

सर : पत्राला तळटीपा?

बाई : सात.

सर : तुम्ही घातल्या असतील, सवयीनं.

बाई : तुम्ही पुस्तकांची नावं आणि पानांचे आकडे सांगितलेत, मी लेखाला घालते तशा घातल्या. दोघांपैकी एकालाही वाटलं नाही की हे लेकीला चाललंय. शेवटी वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही पाचवी टीप दुरुस्त केलीत. पानाचा आकडा चुकला होता.

सर : "मी तुझ्या बाजूला आहे" कुठे आहे?

बाई : नाहीये, सर.

सर : तिसऱ्या पानावर बघा.

बाई : तिसऱ्या पानावर टीपा आहेत. आणि त्याखाली सही, विभागप्रमुख, शिक्क्यासकट.

सर : शिक्का तरी तुम्ही मारला असणार.

बाई : मीच मारला. तो दोष माझ्याकडे. मी मुकाट्यानं पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकून आले.

सर : तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा?

बाई : त्या दिवशी मी इथेच होते. ताई आल्या, तुमच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मी उठून जायला निघाले, तर तुम्ही म्हणालात, बसा बाई, प्रकरण संपवायचंय. म्हणजे त्यांनी जे सांगितलं, ते मला बसून ऐकावं लागलं. आणि त्यांचं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "ही तुझी बाजू झाली. त्याचीही एक असेल." मग मला म्हणालात, कुठे होतो आपण?

सर : असं म्हणालो मी?

बाई : वहीत आहे. तुमचं वाक्य अर्ध्यावर तुटलंय आणि पुढच्या ओळीत जोडलंय. मधे काहीच नाही.

सर : तुम्हाला माझा राग येतो का हो?

बाई : तुमचा उपकारच आहे माझ्यावर. नवरा गेल्यावर सासरी मला पांढऱ्या पायाची म्हणायचे. ऐकून ऐकून मलाही ते पटलं होतं. आरशात पाहिलं तरी तेच दिसायचं. इथे कामाला लागले आणि तुमचं तिसरं प्रकरण टाइप केलं. माणसाला चिकटवलेलं नाव म्हणजे माणूस नव्हे, ते चिकटवणाऱ्याच्या सोयीचं असतं. मी ते पान दोनदा टाइप केलं. दुसरी प्रत घरी नेली, पोथीत ठेवली. अजून आहे.

सर : हे कधी बोलला नाहीत.

बाई : बोलायचं काय त्यात. पण सर, तुमचं ते प्रकरण दुबळ्याच्या हातातली काठी होती. मला तिनं उठवून उभं केलं. तीच काठी तुम्ही ताईंवर चालवलीत. तुम्ही त्यांना खोटंही ठरवलं नाहीत. तसं म्हणाला असतात, तर भांडल्या तरी असत्या. बाजू म्हणालात. बाजूशी काय भांडणार?

सर : बसा. उभ्या राहू नका.

बाई : बसलेच आहे मी.

सर : ती पुस्तक आणायला गेली होती त्याच्याकडे. माझ्यासाठीच. मीच पाठवलं. आणि आली तेव्हा हात मोकळे होते. ती कधी काही विसरायची नाही, बाई. दळण आणायला पाठवलं तरी चिठ्ठी घेऊन जायची. मी तिचे मोकळे हात पाहिले आणि तिने तोंड उघडायच्या आधी मला कळलं.

बाई : कळलं होतं?

सर : सगळं. तेव्हा लिहीत होतो ते पुस्तक आम्हा दोघांचं होतं. निम्मी प्रकरणं त्याच्याकडे होती. तो गेला असता तर पुस्तक गेलं असतं, आणि पुस्तकाशिवाय मी कोण, ते मला सांगता आलं नसतं. म्हणून मला एक विचार लागला, ज्यात काहीच नक्की घडत नाही. तो हाताशी तयारच होता.

बाई : पाणी देऊ?

सर : नको. तुम्हीही घेतलं नाहीत आज सकाळपासून. बुधवारी कधी घेत नाही तुम्ही. उपास ना? कुठल्या देवाचा, हे मी विचारलं नाही कधी. म्हटलं, ज्याची त्याची श्रद्धा.

बाई : देवाकडे मागणं आहे, पण उपास ताईंसाठी धरलाय. ते पाकीट मी बुधवारी टाकलं होतं.

सर : बावीस वर्षं?

बाई : मला दुसरं काय येत होतं, सर. तेव्हा जी जीभ हलायला हवी होती, ती हलली नाही. मग तिलाच उपाशी ठेवलं.

सर : पेन्सिल आहे का?

बाई : आहे.

सर : लिहा. "बाळ, तू सांगितलंस ते घडलं होतं."

बाई : पुढे?

सर : "मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मला कळलं नाही असं मी दाखवलं. मुलीला माझ्याकडे पाठव असं म्हणायचा हक्क मला नाही." एवढंच. वाचा.

बाई : "बाळ, तू सांगितलंस ते घडलं होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. मला कळलं नाही असं मी दाखवलं. मुलीला माझ्याकडे पाठव असं म्हणायचा हक्क मला नाही."

सर : येईल का हो ती?

बाई : नात?

सर : कुणीही.

बाई : ते मला कसं सांगता येईल, सर.

सर : हो. खरंय. नव्या आवृत्तीच्या अर्पणपत्रिकेवर काय आहे?

बाई : तुमच्या त्याच मित्राचं नाव. खाली, "मित्राच्या स्मृतीस."

सर : ते काढा. पान कोरं राहू दे. प्रस्तावनाही देऊ नका प्रकाशकांच्या माणसाला.

बाई : मग चार वाजता काय सांगू?

सर : सांगा, म्हातारा अडून बसलाय. पत्र आधी टाइप करा, आजच्या टपालात पडलं पाहिजे.

बाई : खाली सही कशी? नेहमीसारखं नाव आणि पदव्या?

सर : नुसतं बाबा. बोट ठेवून दाखवा कुठे ते, मी माझ्या हाताने करीन.

बाई : बरं. कागद लावते. सर, कार्बन घालू का? की याची प्रत नको?

सर : घाला. दोन-चार महिन्यांनी मी हे पत्र वेगळं सांगायला लागेन. तेव्हा काढून मला वाचून दाखवा.